रूपीबाईच्या घराचा पत्ता

बोईसरला जाऊन आले म्हटलं की पुण्यात लोक दोनच प्रश्न विचारतात. ते नक्की कुठं आलं? आणि तिथं बघण्यासारखं काय आहे? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मुंबईहून गुजरातेकडे जाणाऱ्या गाडीत बसावं आणि पालघर गेलं की सामान आवरायला घ्यावं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला मला हा एवढा मजकूर लिहावा लागतो आहे.

आम्ही तिघं गेलो होतो. मी, माझी मैत्रीण वत्सला आणि माझा मावसभाऊ दिनू. तिघंही समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. नाताळच्या सुट्टीतला अभ्यास म्हणून सरांनी विषय दिला होता, 'बेघरपणाची कारणे व विद्यार्थ्यांनी करावयाची मदत'. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालेलं, त्यामुळे बोईसरला रोज नवी माणसं उतरत होती. घराचा प्रश्न तिथं अगदी उघड्यावर दिसेल, असं सर म्हणाले. त्यांनी अडतीस प्रश्नांची एक छापील प्रश्नावलीही दिली. मदत हवी म्हणून आम्ही पेठेत दारोदार फिरून जुने कपडे जमवले आणि ट्रंक भरली. ट्रंक दिनूनं उचलायची, प्रश्नावली वत्सलानं भरायची आणि मी निरीक्षण करायचं, अशी वाटणी झाली. वाटणी मीच केली होती.

तारापूर

आमची राहायची सोय दिनूच्या वडिलांच्या ओळखीचे एक मास्तर शाळेच्या खोलीत करणार होते. 'अवश्य या' असं त्यांचं कार्ड आलं होतं. आपण स्वतः सुट्टीभर सासुरवाडीला असू, हे लिहायला कार्डावर जागा उरली नसावी. आम्ही पोचलो तेव्हा शाळेला भलंमोठं कुलूप होतं आणि पायरीवर एक शेळी बसली होती. ती काही उठली नाही, म्हणून आम्ही ट्रंकेवर बसलो.

अर्ध्या तासानं वत्सलानं पिशवीतून प्रश्नावली काढली. "कुमुद, या क्षणी आपण तिघं बेघर आहोत. पहिला फॉर्म तुझाच भरते."

"जेवणाचा प्रश्न कितवा आहे?" दिनूनं विचारलं.

एवढ्यात डोक्यावर रिकामी टोपली घेतलेली एक बाई बाजारातून परत येताना आमच्यासमोर थांबली. चाळिशीची, काटक, नाकात मोठी नथ आणि आवाज असा की शेळीसुद्धा उठून उभी राहिली.

"कोणाची पोरं तुमी? शाळा उघडायची वाट बघता? आठ दिवस बसाल."

दिनूनं घसा साफ करून सांगितलं, "आम्ही बेघर लोकांचा अभ्यास करायला पुण्याहून आलो आहोत."

तिनं ट्रंकेकडे पाहिलं, आम्हांला एकेकाला पाहिलं आणि पोट धरून हसली. "मग अभ्यास सुरू झाला की! उठा, माज्या घरी चला."

ही हिराबाई. मासे वाळवून विकणाऱ्या कोळीवाड्यातली. दुसऱ्या दिवसापासून आमची हिरामावशी. तिच्या घरासमोर बांबूच्या लांबच लांब आडव्या काठ्यांवर बोंबील जोडीजोडीनं टांगलेले होते, पुण्यात दोरीवर मोजे टांगतात तसे. वास मोज्यांचा नव्हता एवढंच. पहिल्या तासात मी नाकाला पदर लावला. दुसऱ्या तासात तो काढला, कारण पदरालाही तोच वास यायला लागला होता.

जेवायला बसताना वत्सलानं हळूच सांगितलं की आपण मासे खात नाही. हिरामावशीचा चेहरा पडला. एखाद्या घरी पाहुण्यानं आपण पाणी पीत नाही असं सांगावं, तसा. "मासळी नाय? मग जेवता काय?" बिचारीनं शेजारून वांगी आणून वेगळी भाजी केली. तांदळाची भाकरी आणि ती भाजी वत्सलानं तीनदा मागून घेतली.

"मावशी, आमच्याकडे वांग्याला ही चव येत नाही. काय घालता?"

"काय नाय ग बाय. चवीपुरता मूठभर जवळा."

जवळा म्हणजे बारीक सुकी कोळंबी. दिनूला ठसका लागला. वत्सला मिनिटभर ताटाकडे बघत बसली. तिच्या मागच्या सात पिढ्या तिथं ताटाभोवती उभ्या असाव्यात. मग ती म्हणाली, "आता झालंच आहे, तर आणखी थोडी वाढा." त्या रात्रीपासून सात पिढ्या पुन्हा फिरकल्या नाहीत.

सकाळी ओहोटी लागलेली असताना हिरामावशी आम्हांला किनाऱ्यावर घेऊन गेली. दूर पाण्यात एक काळा खडक होता. "तो दिसतो? तिथं माज्या सासूची चूल होती." मग अलीकडच्या ओल्या वाळूकडे बोट करून ती म्हणाली, "आन् ह्या इथं माझं लगीन लागलं." समुद्र पुढं आला तसं तिचं घर दोनदा मागं सरकलं होतं. आताचं तिसरं. "ह्याच्या मागं रस्ता, रस्त्याच्या मागं दुसऱ्याचं शेत. आता कुठं सरकायचं ते समुद्रालाच विचारलं पायजे."

वत्सलानं प्रश्नावली उघडली. 'घर जाण्याचे कारण' या प्रश्नाखाली पर्याय छापलेले होते: दारिद्र्य, व्यसन, आळस, इतर. तिनं 'इतर'वर खूण केली आणि पुढं लिहिलं, अरबी समुद्र. सरांनी प्रश्नावली पुण्यात बसून केली होती, त्यांचाही इलाज नव्हता.

बोईसर

बाजाराच्या दिवशी हिरामावशीबरोबर आम्ही बोईसरला गेलो. स्टेशनाजवळ जिकडेतिकडे बांधकामं चालली होती. चहाच्या टपरीवर मराठीच्या बरोबरीनं हिंदी ऐकू येत होतं. एका कंत्राटदाराच्या चाळीचं काम चालू होतं आणि तिच्या मागं ताडाच्या झावळ्यांच्या बारा झोपड्या होत्या. हिरामावशीनं टोपली उतरवली, "रूपीऽ" म्हणून हाक मारली आणि आम्हांला म्हणाली, "हिला विचारा. घराचं हिला लय ठाऊक."

रूपीबाई डोंगराकडच्या गरीब शेतकरी घरातली. वयानं माझ्याहून पाचसात वर्षांनी मोठी असेल. ती डोक्यावरची विटांची पाटी उतरवून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. वत्सलानं सुरुवात केली.

"तुम्हांला घर आहे का?"

"कुठलं? आजचं का उद्याचं?"

तिकडे दिनूनं रूपीबाईच्या नवऱ्याला, काकड्याला गाठलं होतं. "घर कुठं आहे?" असं विचारल्यावर काकड्यानं अभिमानानं चाळीकडे हात केला. "ही आमीच बांधली." दिनूनं फॉर्मवर लिहिलं: राहते घर, पक्के, खोल्या चोवीस. सगळा गोंधळ निस्तरेपर्यंत भोवती माणसं जमली आणि सगळ्यांची चांगली करमणूक झाली. एक गवंडी पुढं येऊन म्हणाला, "हमारा भी लिखो साहब. घर तो अपना है, बस बहुत दूर है." त्यासाठी फॉर्मात रकानाच नव्हता.

रूपीबाईची हकीकत तिनं विटा वाहता वाहता सांगितली. आम्ही तिच्यामागून चालत ऐकली. याच गावाच्या हद्दीत एका मालकाच्या जमिनीच्या कडेला तिच्या सासऱ्यापासूनची झोपडी होती. कागद नव्हता, मालकाचा शब्द होता. दरवर्षी भात झोडून झालं की नवराबायको गवत कापायच्या कामावर जात आणि पावसाआधी परत येत. एका वर्षी परत आली तर झोपडीच्या जागी तारेचं कुंपण आणि आत चिकूची रोपं.

"मालक म्हणाला, मला वाटलं तुमी गेलात."

"मग तुम्ही भांडला नाहीत?" मी विचारलं.

"भांडून काय? त्यानं आमचे वासे सांभाळून ठेवले होते. उनात नाय, सावलीत." तिनं पाटी रिकामी केली. "तेव्हापास्नं वासे आमच्यासंगं हिंडतात. तीनदा हललो. आमी जिथं चूल मांडतो, तिथंच कोणालातरी इमारत सुचते."

आणि आता तिथंही चाळीचा दुसरा भाग यायचा होता. महिन्याभरात जागा मोकळी करा, असं मुकादमानं सांगून ठेवलं होतं.

कारण कळलं, आता मदत. आम्ही ट्रंक उघडली. पुण्याच्या दानशूर मंडळींनी काय दिलं होतं ते आम्हीही तेव्हाच नीट पाहिलं. तीन माकडटोप्या, एक कशिद्याचा टेबलक्लॉथ, क्रिकेटची पांढरी पॅंट आणि एका निवृत्त वकिलांचा काळा कोट. बोईसरला डिसेंबरातही दुपारी घाम येत होता. माकडटोप्या बायकांनी कुतूहलानं पाहून परत ठेवल्या. काळा कोट मात्र काकड्यानं उचलला, अंगात घातला, दोन्ही बाजूंनी वळून पाहिला आणि तसाच चुना कालवायला निघून गेला.

मग दिनूनं श्रमदानाची कल्पना काढली. एका म्हाताऱ्या आजीची झोपडी कलली होती, ती आपण तिघांनी नवी बांधून द्यायची. दोन दिवस आम्ही खपलो. कारवीच्या काड्या बांधल्या, चिखल लिंपला, हातांना फोड आले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती भिंत शांतपणे, कुणालाही न दुखवता, आजीच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर आडवी झाली. कोंबड्या बाहेर होत्या हे आमचं नशीब.

रूपीबाई आली. पदर खोचला. आजीला आणि शेजारणीला हाताशी घेऊन तिनं जेवणाच्या सुट्टीत ती भिंत उभी केली. हात धुताना ती आमच्याकडे वळली.

"रागावू नका हां. पण घर बांधायला आमाला येतं. जागा बांधायला येत नाय."

मी त्या क्षणी निरीक्षण थांबवलं. दिनू फोड आलेल्या हातांकडे बघत होता. वत्सला म्हणाली, "आपल्याला तिघांना मिळून नीट येतं असं काय आहे? लिहिता येतं. कचेरीत जाऊन बसता येतं. तेवढंच करू."

तलाठ्याच्या दारी

भूमिहीनांना घरासाठी गावठाणात जागा मागता येते, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकाबाहेर ती कशी मागतात हे विचारायला आम्ही रूपीबाईला घेऊन गावच्या तलाठ्यांकडे गेलो. तरुण, अतिशय सभ्य गृहस्थ. नुकतेच घाटावरून बदलून आलेले. त्यांनी कोरा अर्ज दाखवला.

"भरा. यात राहण्याचा पत्ता लिहा."

"पत्ता नाही," मी म्हटलं.

"मग अर्ज घेता येत नाही. अर्जदार गावचा रहिवासी असला पाहिजे."

"पण पत्ता असता तर अर्ज कशाला केला असता?"

"तेही खरं आहे," तलाठी कळवळून म्हणाले. "पण अर्ज घेता येत नाही."

असे आम्ही तीन फेरे गोल फिरलो. भलेपणानं माणूस एवढा हतबल झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. शेवटी त्यांनीच एक वाट दाखवली. हे कुटुंब इतकी वर्षं याच गावात राहतं, असं कुणी जबाबदार माणसानं समक्ष येऊन सांगितलं तर बघता येईल. कंत्राटदार सांगायला तयार नव्हता. चिकूचा मालक मुंबईला गेला होता. संध्याकाळी आम्ही तोंडं पाडून हे हिरामावशीला सांगितलं.

"जबाबदार म्हंजे कसा माणूस लागतो?" तिनं विचारलं. "मी चालते का?"

दुसऱ्या दिवशी ती भरलेली टोपली घेऊनच चावडीत शिरली आणि ती तलाठ्यांच्या टेबलाशेजारी ठेवली. तलाठी शाकाहारी असावेत. त्यांनी खुर्ची हळूहळू खिडकीकडे सरकवली.

"ह्या रूपीला मी बारा वर्सं सुकी मासळी घालते. कुठं राहते मला नाय माहीत? पयली चार वर्सं मालकाच्या कडेला, तिची सासू जिती होती, तिला बोंबील लागायचा. मग चिंचेखाली, तवा ही बाळंत झालेली, मी सुकी करदी दिली, कोळंबीसारखी. मग विहिरीपाशी. मग ह्या चाळीमागं. गवत कापायला जाते ते सोडलं तर गावाच्या बाहेर एक पाऊल गेली नाय. लिवा."

"बाई, टोपली जरा बाहेर..."

"लिवून झालं की उचलते."

तलाठ्यांचं अक्षर एरवी सुबक होतं म्हणे. तो जबाब मात्र त्यांनी एका दमात लिहिला. हिरामावशीनं अंगठा उठवला आणि मग निवांत विचारलं, "बाकीची अकरा घरं सांगू का?" तलाठ्यांनी खिडकीबाहेर डोकं काढून मोठा श्वास घेतला आणि दुसरा कागद ओढला.

पुढचे तीन दिवस आम्ही चिंचेखाली बसून अर्ज लिहिले. 'मागणीचे कारण' या रकान्यात वत्सलानं लोक सांगतील तेच लिहायचं ठरवलं. कुणाचं घर भावानं बळकावलेलं. कुणाचं आजारपणात विकलेलं. एका विधवेला सासरचे म्हणाले माहेरी जा आणि माहेरचे म्हणाले सासरी जा. कुणीच आळशी निघालं नाही. दिवसभर विटा वाहून मग आमच्यासमोर रांगेत उभी राहणारी ती माणसं होती. लिहिता लिहिता वत्सला मध्येच चष्मा पुसायची आणि दिनू उगीचच पाणी आणायला जायचा.

पालघर

अर्ज तालुक्याला द्यायचे होते. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही, कारण तिथल्या शिपायानं शेवटी आम्हांला चहा पाजला. पहिल्या दिवशी आम्ही काकड्याला घेऊन गेलो. त्याच्या अंगात बंडी होती. तीन तास बाकावर बसलो. मग साहेब दौऱ्यावर असल्याचं कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गारवा होता, म्हणून काकड्या काळा कोट घालून आला. आम्ही पायऱ्या चढतो तोच कालचाच शिपाई उठून उभा राहिला. त्यानं काकड्याला वाट करून दिली, आत नेलं, खुर्ची पुसली. काकड्या बसला. आजवर कुणी त्याच्यासाठी खुर्ची पुसलेली नसल्यामुळे तो लगेच पुन्हा उठला, पण शिपायानं त्याला आदरानं खाली बसवलं. कारकुनानं चष्म्यातून वर पाहिलं.

"बोला वकीलसाहेब. पक्षकार कुठं आहेत?"

काकड्या गोंधळला. "पक्षकार म्हंजे काय?"

"म्हणजे ज्याचं काम आहे तो."

"तो मीच."

"मग वकील कोण?"

काकड्यानं खोलीभर पाहिलं. "माला नाय माहीत. मी आलो तवा इथं कोणी नव्हता."

कारकून आधी दिनूकडे आणि मग काकड्याच्या अनवाणी, चुना लागलेल्या पायांकडे बघत राहिला. मग एकदम हसत सुटला. शिपाई हसला, आम्ही हसलो, सगळ्यांत शेवटी काकड्या हसला आणि सगळ्यांत जास्त वेळ हसला. एवढं हसल्यावर माणसाला परत कसं पाठवणार? कारकुनानं बाराही अर्ज घेतले, एकेकावर शिक्का मारला आणि पोच दिली. काकड्या पोच हातात धरून बाहेर आला. ती त्याला वाचता येत नव्हती, म्हणून त्यानं दिनूकडून तीनदा वाचून घेतली.

त्याच दुपारी आमची गाडी होती. मी खिडकीत बसून कचेरीतला आदल्या दिवशीचा बाक आठवत होते. काकड्या कालही हाच होता आणि कामही हेच होतं.

पुन्हा बोईसर

पुण्यात आम्ही अहवाल दिला. सरांनी तो वाचला, 'निष्कर्ष त्रोटक' असा शेरा मारला आणि मग बराच वेळ हिरामावशीच्या वांग्याच्या भाजीबद्दल विचारलं. आम्ही तिघांनी दर पंधरवड्याला आळीपाळीनं त्या कचेरीला स्मरणपत्र लिहायचं चालू ठेवलं. उत्तर एकदाही आलं नाही. जानेवारीत रूपीबाईची झोपडी हलवावी लागल्याचं कळलं.

मे महिन्यात सासुरवाडीवाल्या मास्तरांचं कार्ड आलं. हिराबाईनं सांगितलं तसं लिहिलं होतं: बारातल्या सात घरांना जागा मंजूर झाली, मोजणी अमुक दिवशी, यायचं तर या, या खेपेला शाळेसमोर बसू नका. बाकीच्या पाचांचं अजून अडलं होतं. त्यांच्यासाठी आम्ही कोरे कागद घेऊनच निघालो.

जागा गावाच्या टोकाला, मुरमाड उतारावर होती. झाड एकही नव्हतं. ऊन असं होतं की मोजणीदारानं डोक्यावर रुमाल ओला करून ठेवला होता. एकेकाच्या वाट्याला चार खुंट्या आणि त्यांना गुंडाळलेली सुतळी. रूपीबाईच्या जागेशेजारी तिचे वासे आणून रचले होते, काळे पडलेले, गुळगुळीत. त्यांतले दोन सासऱ्याच्या हातचे, असं तिनं आम्हांला दाखवलं. ती सुतळीच्या आत उभी होती. काकड्या बाहेर उभा राहून तिच्याकडे बघत होता.

दिनूला आनंद आवरला नाही. तो "रूपीबाई!" म्हणत सरळ सुतळी ओलांडून आत गेला.

"दादाऽ!" रूपीबाई केवढ्यांदा ओरडली. "भिंतीतनं काय येता? दार इकडं हाय!"

दिनू दचकून मागं सरला, सुतळीबाहेर गेला, पूर्ण वळसा घालून तिनं हात केला होता त्या बाजूला आला. तिथं सुतळी हातभर मोकळी सोडलेली होती. आम्ही दोघी त्याच्या मागं उभ्या राहिलो. दारात चपला काढल्या. आतली जमीन तव्यासारखी तापलेली होती आणि आम्ही तिघंही एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो. पण चपला पुन्हा घालायचं कुणाच्याही मनात आलं नाही.

"बसा," रूपीबाई म्हणाली. "उभ्यानं कोण येतं घरी? पाणी आणते."

आम्ही बसलो. ती दारानं बाहेर गेली, वाशांशेजारी ठेवलेल्या मडक्यातून तांब्या भरला आणि परत आली. वर मोकळं आभाळ होतं. तरी आत शिरताना, बुटक्या चौकटीतून शिरावं तसं, तिनं डोकं खाली वाकवलं.